हवा तापते जमिनीकडून : जुन्नर-आंबेगावच्या उष्णतेचा ताळेबंद

हवेतली उष्णता मुळात सूर्याची असली, तरी तिचा मोठा भाग हवेपर्यंत पोचतो तो जमिनीच्या वाटेने. सूर्यकिरण हवेच्या थरातून बरेचसे आरपार जातात आणि आधी माती, खडक, पाणी तापवतात. तापलेले भूपृष्ठ मग आपल्यावरच्या हवेला उष्णता देते. वातावरणाचा सर्वांत खालचा थर म्हणजे तपांबर. उष्ण कटिबंधात त्याची जाडी १६ ते १८ किलोमीटर असते. वातावरणातील सुमारे चार पंचमांश हवा आणि जवळजवळ सगळे बाष्प याच थरात असते. चुलीवरच्या पातेल्यातले पाणी जसे बुडाकडून तापत जाते, तसाच हा थरही खालून तापतो. ढग, वारे, वळीव, धुके आणि हिवाळ्यातला कडाका या साऱ्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

ही रीत पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारी तालुके सोयीचे आहेत. पश्चिमेला माळशेज घाट, नाणेघाट ते भीमाशंकर अशी सह्याद्रीची धार आहे. तिथून कुकडी, पुष्पावती, मीना आणि घोड या नद्यांची खोरी पूर्वेकडे उतरत जातात. साठेक किलोमीटरच्या पट्ट्यात भीमाशंकरचे सदाहरित जंगल, माणिकडोह-डिंभ्यासारखे जलाशय, नारायणगाव-मंचरची बागायत आणि पूर्वेकडचा उघडा मुरमाड माळ असे चारही प्रकारचे भूपृष्ठ सापडते. सगळ्यांवर ऊन पडते ते एकाच सूर्याचे. हवा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी तापते.

हवा खालून तापते याचा सर्वांत साधा पुरावा उंचीचा आहे. जुन्नर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि शिवनेरीचा माथा सुमारे १,०६० मीटरवर. गडावरच्या सावलीतली हवा शहरातल्या सावलीपेक्षा साधारण दोन-तीन अंशांनी थंड असते. जुन्नरच्या उत्तर सीमेलगतचा हरिश्चंद्रगड १,४२४ मीटर उंच आहे आणि तिथला फरक आणखी मोठा असतो. तपांबरात दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सियसने उतरते. हवा सूर्यकिरणांनी थेट तापत असती, तर वर जाताना ती अशी थंड होत गेली नसती.

सूर्याकडून किती येते

वातावरणाच्या माथ्यावर, सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे १,३६१ ज्यूल ऊर्जा येते. पृथ्वी गोल आहे आणि तिचा अर्धा भाग नेहमी अंधारात असतो, त्यामुळे साऱ्या पृष्ठभागावर आणि दिवसरात्रीवर वाटून पाहिल्यास ही ऊर्जा चौरस मीटरमागे सुमारे ३४० वॅट भरते. यातले १०० वॅट ढग, हवा, धूळ आणि भूपृष्ठ यांच्यावरून परत अवकाशात जातात. सुमारे ८० वॅट वातावरणात थेट शोषले जातात आणि उरलेले १६० वॅट भूपृष्ठ शोषून घेते. हवा थेट शोषते त्याच्या दुप्पट ऊर्जा जमीन आणि समुद्र शोषतात, असा हा वाटा आहे.

थेट शोषलेले ८० वॅट कमी नाहीत, पण ते वातावरणाच्या साऱ्या उंचीत विखुरलेले असतात. त्यांचा काही भाग तपांबराच्याही वर, ओझोनच्या थरात अडकतो. बाकीचा मुख्यतः बाष्प, ढग आणि धूळ यांच्या वाट्याला जातो. दर चौरस मीटरवर सुमारे १० टन हवेचा स्तंभ उभा असतो. एवढ्या हवेला ८० वॅट दिवसभर मिळाले, तरी तिचे तापमान एक अंशानेही वाढत नाही. उलट मार्च-एप्रिलमध्ये जुन्नरच्या पठारावर पहाटेचे आणि दुपारचे तापमान यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडू शकतो. एवढी मोठी चढउतार घडवण्याची ताकद थेट शोषणात नाही. ती जमिनीकडून येते.

थेट शोषणाची खूण दिसते ती वायुदाबमापकात. दख्खनच्या पठारावर वायुदाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो. पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधल्या या रोजच्या भरती-ओहोटीची बारकाईने नोंद केली आणि त्यावरचा दीर्घ निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या भरती-ओहोटीचे मुख्य कारण पुढे स्पष्ट झाले : ओझोन आणि बाष्प सूर्यकिरण थेट शोषतात आणि त्यामुळे साऱ्या वातावरणात लाटा उठतात. दाबातला हा फरक जेमतेम तीन-चार मिलिबारचा असतो.

सूर्याची उंची आणि हवेचे तापमान यांची सांगड सरळ नाही, हे वर्षभराच्या नोंदींतही दिसते. जुन्नर सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. जुलैमध्ये सूर्य तितकाच माथ्यावर असूनही तो सहसा तिशीच्या खालीच राहतो, कारण ढग ऊन परतवतात आणि जमिनीवर पोचलेल्या ऊर्जेचा मोठा भाग ओल सुकवण्यात खर्च होतो. डिसेंबरात सूर्य दुपारीही क्षितिजापासून ४७ अंशांपर्यंतच चढतो. तिरप्या किरणांमुळे तेवढीच ऊर्जा जास्त जमिनीवर पसरते, आणि दुपारी चौरस मीटरमागे येणारे ऊन मेच्या मानाने तीन चतुर्थांशांवर येते.

जमिनीची तऱ्हा

जमिनीवर पडलेल्या उन्हाचे पुढे काय होते, हे तीन गोष्टींवर ठरते : जमीन किती ऊन परतवते, किती उष्णता साठवते आणि तिच्यात पाणी किती आहे.

काळी जमीन आणि काळा पाषाण आपल्यावर पडलेल्या उन्हाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग परतवतात, बाकीचे शोषतात. कोरडी, फिकट माती पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त परतवते. घनदाट जंगल दिसायला थंड असले, तरी ऊन शोषण्यात काळ्या जमिनीच्या जवळपास असते. मेच्या दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढे जातो. त्याच वेळी माणसाच्या छातीच्या उंचीला, सावलीतल्या हवेचे तापमान त्याहून दहा-पंधरा अंशांनी कमी असते. वेधशाळेचा तापमापक गवतावर उभ्या केलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात, तो यासाठीच. त्याने हवेचे तापमान सांगावे, उन्हाचे किंवा मातीचे सांगू नये.

मातीत उष्णता फार खोल जात नाही. दिवसाची उष्णता वितभर खोलीपर्यंत जाता जाता क्षीण होते आणि अर्ध्या मीटरवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ उरत नाही. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. लेण्याद्रीच्या किंवा तुळजा लेण्यांच्या आतल्या दालनात मे महिन्याच्या दुपारीही गारवा असतो तो याचमुळे : बाहेरच्या कातळाला झालेला दिवसाचा ताप आतल्या भिंतीपर्यंत पोचलेलाच नसतो.

पाण्याची तऱ्हा निराळी. तेवढेच वजन तेवढ्याच अंशांनी तापवायला कोरड्या मातीपेक्षा पाण्याला चार-पाच पट उष्णता लागते. शिवाय किरण पाण्यात काही मीटर खोल शिरतात, लाटांनी पाणी वरखाली ढवळले जाते आणि पृष्ठभागावरून सतत बाष्प उडत असते. म्हणून पिंपळगाव जोगे किंवा येडगावच्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्याच्या दिवसभरात एखाद-दुसऱ्या अंशाने तापते, तर काठावरचा कातळ तेवढ्या वेळात वीस-पंचवीस अंश चढून रात्री तेवढाच उतरतो.

जमिनीला तापायला आणि मग हवेला तापवायला वेळ लागतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जुन्नर ७३.९ अंशांच्या आसपास, म्हणून तिथला खरा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होतो. हवेचे तापमान मात्र त्यानंतर दोन-तीन तासांनी, तीनच्या आसपास कमाल होते. मधल्या वेळात ऊन कमी होऊ लागलेले असते, पण जमिनीला मिळणारी उष्णता तिच्याकडून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा अजून जास्तच असते. ती दोन्ही बरोबरीला आली की पारा थांबतो आणि मग उतरू लागतो.

वहन आणि अभिसरण

तापलेल्या जमिनीला टेकलेली हवा स्पर्शाने तापते. उष्णता कणाकडून कणाकडे जाण्याच्या या रीतीला वहन म्हणतात. हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे, म्हणून वहनाचे राज्य जमिनीलगतच्या काही मिलिमीटरांपुरतेच असते. या पातळ थरात तापमानाची घसरण मात्र विलक्षण तीव्र असते. एप्रिल-मेच्या दुपारी पुणे-नाशिक महामार्गावर मंचर-नारायणगावच्या टप्प्यात दूरवर पाणी साचल्याचा भास होतो. डांबराला लागून असलेल्या अतितप्त, विरळ हवेत किरण वाकतात आणि आकाशाचा तुकडा रस्त्यावर दिसतो. हे मृगजळ त्या पातळ थराचेच दर्शन असते.

पुढचे काम अभिसरण करते. तापलेली हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. तिच्या जागी वरची थंड हवा खाली येते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कुकडीच्या खोऱ्यात घारी पंख न हलवता गिरक्या घेत चढू लागतात, तेव्हा त्या अशाच एखाद्या वर जाणाऱ्या झोतावर स्वार झालेल्या असतात. नांगरून टाकलेल्या रानावर किंवा माळावर हा झोत स्वतःभोवती फिरू लागला की वावटळ उठते. पाचोळा आणि धुळीमुळे तिच्यातला झोत डोळ्यांना दिसतो एवढेच. न दिसणारे असंख्य झोत त्याच वेळी शेजारच्या रानांवरून चढत असतात.

चढणाऱ्या हवेवरचा दाब कमी होत जातो, ती प्रसरण पावते आणि त्या प्रसरणात तिची स्वतःची उष्णता खर्च होते. कोरडी हवा अशा रीतीने दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. आजूबाजूच्या हवेपेक्षा ती गरम आहे तोवर तिची चढण चालू राहते. सकाळी हे ढवळणे काही शे मीटरांपुरते असते. मेच्या दुपारी ते दोन-तीन किलोमीटरपर्यंत पोचते. उन्हाळ्यातल्या दुपारी दूरचे डोंगर धुरकट दिसतात आणि वारा वाढतो, त्यामागेही हेच असते. धूळ वर जाते, वरच्या थरातला वेगवान वारा खाली उतरतो आणि सकाळचा शांत थर मोडतो.

अवरक्त किरणांची देवघेव

उष्णता देण्याची तिसरी रीत प्रारणाची. प्रत्येक तापलेली वस्तू किरण सोडते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सियस आहे, म्हणून त्याचे प्रारण दृश्य प्रकाशात सर्वाधिक असते. पृथ्वीचे सरासरी तापमान अवघे १५ अंश आहे. तिचे प्रारण डोळ्यांना न दिसणारे, सूर्यप्रकाशाच्या सुमारे वीसपट लांबीचे असते. या अवरक्त किरणांना हवा तितकीशी पारदर्शक नाही.

नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग होतो, पण हे दोन्ही वायू अवरक्त किरणांना जवळजवळ अडवत नाहीत. अडवतात ते अल्प प्रमाणातले वायू : बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, ओझोन. अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ साली काचेच्या नळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइड आणि दमट हवा जास्त तापतात हे दाखवले. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ पासून वायूंचे अवरक्त शोषण प्रत्यक्ष मोजले आणि या साऱ्यांत बाष्पाचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे दाखवून दिले.

हे वायू भूपृष्ठाकडून आलेले प्रारण शोषतात आणि स्वतः वर आणि खाली दोन्ही दिशांना प्रारण सोडतात. जागतिक सरासरी पाहिली तर भूपृष्ठ चौरस मीटरमागे ३९८ वॅट अवरक्त प्रारण वर पाठवते आणि वातावरण ३४२ वॅट खाली परत पाठवते. सूर्याकडून भूपृष्ठाला मिळतात १६०. म्हणजे आकाशाकडून परत येणारी ऊर्जा उन्हाच्या दुपटीहून जास्त असते, आणि ती रात्रीही येत राहते. हे वायू नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते.

हवेतून सारख्याच सहजतेने सगळे किरण जात नाहीत, याचे मोठे उदाहरण जुन्नर तालुक्यातच उभे आहे. खोडद येथील ‘जीएमआरटी’ या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. सुमारे २० सेंटीमीटर ते अडीच मीटर लांबीच्या रेडिओ लहरी तिथे टिपल्या जातात. या लहरींना हवा, बाष्प आणि ढग जवळजवळ अडवत नाहीत, म्हणून ही दुर्बीण दिवसाही आणि ढगाळ आकाशाखालीही काम करू शकते. दृश्य प्रकाशाला निरभ्र हवा पारदर्शक आहे, रेडिओ लहरींना ढगाळ हवाही पारदर्शक आहे. या दोहोंच्या मधल्या अवरक्त पट्ट्यात मात्र वातावरण बऱ्याच अंशी अपारदर्शक आहे. त्यातही ८ ते १२ मायक्रोमीटरचा एक पट्टा निरभ्र, कोरड्या हवेत बराच मोकळा असतो. जमिनीची उष्णता थेट अवकाशात निसटते ती मुख्यतः याच फटीतून.

या तालुक्यांतल्या पॉलिहाउसमधली ऊब याच कारणाने असते असे समजले जाते, पण तिथे मुख्य काम वेगळे होते. प्लास्टिकच्या आच्छादनाखाली तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही आणि वाऱ्याने पसरत नाही; अभिसरण थांबल्याने आतला ताप वाढतो. म्हणूनच पॉलिहाउसची बाजूची पडदी गुंडाळून वर केली की ते लगेच निवते. वातावरणात अभिसरण मोकळे असते. तिथली ऊब टिकते ती अवरक्त किरण अडल्यामुळे.

रात्रीचा हिशेब

सूर्य मावळल्यावर जमिनीची मिळकत फक्त आकाशाकडून येणाऱ्या प्रारणाची उरते, खर्च मात्र चालूच राहतो. आकाशाकडून किती येते हे बाष्पावर आणि ढगांवर अवलंबून असते. पावसाळ्यात या भागावरच्या हवेतले सारे बाष्प पाण्यात बदलले, तर जमिनीवर चाळीस-पन्नास मिलिमीटरचा थर होईल. हिवाळ्यात तो वीसच्या आतच असतो. ढगाळ रात्री ढगाचा तळ जवळजवळ सगळे प्रारण परत पाठवतो आणि उकाडा राहतो. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, कोरड्या रात्री जमीन वेगाने निवते. पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास, कारण तोवर खर्च मिळकतीपेक्षा जास्तच असतो.

अशा रात्री हवेची नेहमीची मांडणी उलटते. जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, वरची तुलनेने उबदार राहते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. डोंगरउतारांवर निवलेली हवा घरंगळत खोऱ्यांच्या तळाशी साठते, म्हणून ओतूर, नारायणगाव, घोडेगाव अशा नदीकाठच्या गावांत उतारावरच्या वस्तीपेक्षा कडाका जास्त जाणवतो. सकाळी चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर सरळ वर न जाता घरांच्या माथ्यावर आडवा पसरतो, ती या थराचीच खूण. ऊन चढून जमीन तापली की हा थर मोडतो आणि धूर पुन्हा वर जाऊ लागतो.

जमिनीलगतच्या रात्रीच्या हवेबद्दलचा एक महत्त्वाचा शोध भारतीय हवामान खात्यातील शास्त्रज्ञ एल. ए. रामदास यांच्या नावावर आहे. १९३२ साली पुण्यात खात्याचा कृषी हवामानशास्त्र विभाग सुरू झाला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्याच वर्षी रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी दाखवून दिले की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसते. ती काही डेसिमीटर वर, गुडघ्याच्या आसपास असते. तोवरच्या समजुतीला हे सोडून होते आणि बराच काळ ते मानले गेले नाही. पुढे अनेक ठिकाणच्या मोजमापांनी त्याला दुजोरा मिळाला आणि ‘रामदास थर’ हे नाव रूढ झाले. मातीतल्या उष्णतेमुळे जमिनीचा पृष्ठभाग थोडा उबदार राहतो, तर त्याच्या किंचित वरची हवा स्वतः प्रारण सोडून अधिक निवते, असे याचे स्पष्टीकरण देतात. भाजीपाल्याची कोवळी रोपे नेमकी याच उंचीची असतात.

द्राक्षबागांत आणि भाजीपाल्याच्या शेतात थंडीवर योजले जाणारे उपाय या हिशेबाला धरून आहेत. रात्री किंवा पहाटे पाणी दिले की ओली माती उष्णता खालून वर लवकर आणते. पाण्याची स्वतःची उष्णता आणि दव पडताना सुटणारी उष्णता यांचीही भर पडते. बागेत जागोजागी पेटवलेल्या लहान शेकोट्या थंड थर ढवळतात आणि वरची उबदार हवा खाली आणतात. नुसत्या धुराचा उपयोग कमी, कारण धुराचे कण अवरक्त तरंगलांबीच्या मानाने फार बारीक असतात आणि जमिनीचे प्रारण त्यांतून निसटून जाते.

बाष्पातून येणारी उष्णता

भूपृष्ठ हवेला उष्णता देते त्यातला सर्वांत मोठा निव्वळ वाटा बाष्पीभवनाचा आहे. जागतिक सरासरीत स्पर्श आणि अभिसरणाने चौरस मीटरमागे सुमारे २१ वॅट जातात, तर बाष्पीभवनाने ८२. प्रारणाची देवघेव वजा जाता हवेच्या पदरात जेमतेम १६ वॅट पडतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४.५ लाख ज्यूल उष्णता लागते. ही उष्णता तापमापकाला दिसत नाही; ती बाष्पात अप्रकट राहते आणि बाष्पाचे सांद्रीभवन होऊन ढग बनतो तेव्हा आसपासच्या हवेला मिळते. त्यामुळे उष्णता एका ठिकाणी उचलली जाते आणि शेकडो किलोमीटरवर, उंचावर उतरवली जाते.

जून ते सप्टेंबर हेच घडते. अरबी समुद्रावरून आलेले वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला भिडतात आणि वर चढतात. नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, इतका हा चढता वारा जोरकस असतो. चढताना हवा निवते, बाष्पाचे ढग होतात. ढगातून चढणारी हवा मात्र कोरड्या हवेइतकी निवत नाही, कारण सांद्रीभवनाची उष्णता तिला मिळत राहते. खालच्या थरात ती किलोमीटरला चार-पाच अंशच उतरते. आजूबाजूच्या हवेपेक्षा अशी गरम राहिल्यामुळेच ती आणखी वर जाते आणि ढग उंच वाढतात.

या उष्णतेचे मान विजेच्या युनिटांत मांडले की स्पष्ट होते. भीमाशंकरच्या परिसरात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ३,००० लिटर पाणी. एवढ्या बाष्पाचे सांद्रीभवन होताना वरच्या हवेला सुमारे २,००० युनिट उष्णता मिळते. पुणे जिल्ह्यात एका चौरस मीटरवर वर्षभरात पडणारे ऊनही जवळपास एवढेच भरते. भीमाशंकरवरच्या हवेला चार महिन्यांत बाष्पातून मिळणारी उष्णता तिथल्या वर्षभराच्या उन्हाच्या तोडीची असते, आणि तिचा बहुतेक भाग समुद्रावर पडलेल्या उन्हाचा असतो. पूर्वेकडे बेल्हे-आळेफाट्याच्या बाजूला पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरवर येतो. घाटमाथ्यावर पाणी गमावलेली हवा तिथे उतरताना दाबली जाते, तापते आणि ढग विरतात.

वळवाचा पाऊस याच उष्णतेची दुसरी बाजू दाखवतो. एप्रिल-मेमध्ये खालची हवा तापलेली, वरची थंड आणि मधे कुठून तरी आलेली ओल अशी स्थिती जमली की एकेक झोत दुपारनंतर उंच ढगात बदलतो. सांद्रीभवनाची उष्णता त्याला दहा-बारा किलोमीटरपर्यंत ढकलत नेते. तिथे पाणी गोठते, त्यातही उष्णता सुटते आणि कधी गारा पडतात. खाली येणारा पाऊस वाटेत काही अंशी सुकतो, हवेतली उष्णता काढून घेतो आणि वादळापूर्वीचा थंड झोत पाठवतो.

धरणे, बागायत आणि बदललेला वाटा

गेल्या अर्धशतकात या दोन तालुक्यांचे भूपृष्ठ बरेच बदलले. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी खोऱ्यांत पाणी आणले. जिथे उन्हाळ्यात पड जमीन असे, तिथे ऊस, टोमॅटो, कांदा आणि द्राक्षे उभी राहिली. उन्हाळ्यात हिरवे, पाणी दिलेले शेत दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी हवेत सोडते. त्यात चौरस मीटरमागे सुमारे साडेतीन युनिट उष्णता खर्च होते. मेच्या निरभ्र दिवशी तेवढ्याच जागेवर ऊन पडते सुमारे सात युनिटांचे. माळावर जी उष्णता माती तापवून हवेला लगेच मिळाली असती, ती बागायतीत अप्रकट रूपाने जाते. म्हणून दुपारी उसाच्या फडाकाठची हवा शेजारच्या माळापेक्षा निववणारी, पण दमट असते. रात्री तोच दमटपणा अवरक्त प्रारण अडवतो आणि पारा माळाइतका उतरू देत नाही. दव आणि दमट हवा वाढली की द्राक्षावर डाउनीसारख्या रोगांचा धोका वाढतो, ही या बदलाची शेतकऱ्याला मोजावी लागणारी किंमत.

डांबरी रस्ते, सिमेंटची घरे आणि पत्र्याची छपरे यांचा परिणाम उलट्या दिशेने होतो. त्यांत सुकण्यासाठी ओल नसते, म्हणून मिळालेले ऊन सरळ हवेच्या तापात उतरते. काँक्रीट आणि डांबर दिवसाची साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतात. वाढत्या बाजारगावांत संध्याकाळ आजूबाजूच्या रानापेक्षा उशिरा निवते, ती यामुळे.

हे सारे बदल मिळालेल्या उष्णतेची वाटणी बदलतात. कुठे ती हवेला लगेच मिळते, कुठे बाष्पात जाते. एकूण बेरीज वाढते ती दुसऱ्या कारणाने. औद्योगिक काळापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या वर आहे. अवकाशात निसटणारे प्रारण त्यामुळे थोडे अडते आणि पृथ्वी जितकी ऊर्जा घेते त्यापेक्षा चौरस मीटरमागे साधारण ०.७ वॅट कमी परत देते. ३४० वॅटच्या मानाने हा फरक लहान आहे, पण तो दिवसरात्र आणि वर्षानुवर्षे साचत राहतो. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशांनी वाढलेले होते. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. जादा बाष्प आणखी प्रारण अडवते आणि पावसाच्या वेळी आणखी उष्णता सोडते. एखाद्या शिवारात झाडे, पाणी आणि मातीवरचे आच्छादन राखून दुपारचा ताप कमी करता येतो. एकूण ताळेबंदातली वाढ मात्र एका शिवाराच्या आवाक्यात नाही. ती साऱ्या जगाच्या हवेत साठणाऱ्या वायूंवर ठरते.